रहीम साहेब : एका शाळामास्तरने घडविलेला भारतीय फुटबॉल

कन्नड तालुक्यातील पिशोर आणि आसपासच्या गावांतील वयोवृद्ध मंडळींना आजही आठवते की, त्यांचे बालपण ज्या राज्यात गेले त्या राज्याची राजधानी मुंबई नव्हती, हैद्राबाद होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले, पण त्यानंतरही ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपला संपूर्ण मराठवाडा हैद्राबाद राज्याचाच भाग होता. सरकारी कागद हैद्राबादहून येत आणि उच्च शिक्षणाची वाटही हैद्राबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे जाई. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ साली झाली. तोपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातील हुशार मुलांसाठी विद्यापीठ म्हणजे उस्मानिया हेच समीकरण होते.

त्याच उस्मानिया विद्यापीठाच्या मैदानावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक सडपातळ विद्यार्थी फुटबॉल खेळत असे. पुढे तो शाळेत मास्तर झाला, नंतर प्रशिक्षक झाला आणि त्याच्या हाताखाली भारताने आशियातील सुवर्णपदक दोनदा जिंकले. ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉल संघ चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला, तोही त्याच्याच मार्गदर्शनाखाली. या शिक्षकाचे नाव सय्यद अब्दुल रहीम. खेळाडू त्यांना आदराने रहीम साहेब म्हणत. आपल्याच जुन्या राज्यातील या थोर शिक्षकाची ओळख आपल्या वाचकांना, विशेषतः तरुणांना आणि शाळांतून शिकविणाऱ्या बंधुभगिनींना व्हावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

बालपण आणि शिक्षण

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैद्राबाद येथे झाला. त्या काळी हैद्राबाद आणि सिकंदराबाद या जुळ्या शहरांत फुटबॉलची आवड खोलवर रुजलेली होती. सिकंदराबादच्या छावणीत ब्रिटिश पलटणी असत आणि त्यांचा खेळ पाहत पाहत स्थानिक मुलेही गल्लीबोळांत चेंडू खेळू लागली होती. बूट घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती. बहुतेक मुले अनवाणी खेळत आणि त्यामुळे चेंडूवरील त्यांचा ताबा विलक्षण असे.

१९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातून रहीम यांनी कला शाखेची पदवी घेतली. विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून ते खेळत. आजी-माजी विद्यार्थ्यांचा इलेव्हन हंटर्स नावाचा एक संघ होता, त्यातही त्यांचा सहभाग असे. पुढे स्थानिक लीगमधील नावाजलेल्या कमर क्लबकडून ते खेळले. चांगला महाविद्यालयीन खेळाडू म्हणून त्यांचे नाव होते. मात्र इतिहासाने त्यांची नोंद घेतली ती त्यांनी इतरांना खेळायला शिकविले म्हणून.

पदवीनंतर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. काचीगुडा माध्यमिक शाळा, उर्दू शरीफ शाळा, दारूल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी अध्यापन केले. शारीरिक शिक्षणाची पदविकाही त्यांनी मिळविली आणि शाळांतील खेळांची जबाबदारी स्वीकारली. रहीम साहेबांच्या पुढील यशाचे रहस्य या शाळांच्या पटांगणांत दडलेले आहे. शिकविण्याची शिस्त, मुलाची कुवत ओळखण्याची नजर आणि एकच गोष्ट न कंटाळता पुन्हा पुन्हा करवून घेण्याची चिकाटी हे गुण त्यांनी वर्गात आणि शाळेच्या मैदानात कमावले. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाल्यावरही त्यांची वृत्ती शाळामास्तराचीच राहिली.

एका शहराला खेळ शिकविला

१९४३ साली रहीम साहेब हैद्राबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले. एखाद्या संघटनेचे सचिवपद म्हणजे बैठका, वर्गणी आणि पत्रव्यवहार असा आपला समज असतो. रहीम साहेबांनी मात्र या पदाचा उपयोग संपूर्ण शहराच्या खेळाची पद्धत बदलण्यासाठी केला. त्यांनी लहान मुलांसाठी आणि तरुणांसाठी वेगळ्या नियमांच्या स्पर्धा सुरू केल्या. एका स्पर्धेत खेळाडूने चेंडू पायाशी खेळवत पुढे नेण्यास मनाई असे. चेंडू मिळाला की तो ताबडतोब सहकाऱ्याकडे द्यायचा. दुसऱ्या एका प्रकारात खेळाडूने आपल्या कमकुवत पायानेच खेळायचे असा दंडक होता.

वरवर पाहता हे नियम विचित्र वाटतात, परंतु त्यामागील विचार साधा होता. ज्या मुलाला चेंडू एकट्याने पळविण्याची सवय लागते, तो मोठेपणी सहकाऱ्याकडे पाहत नाही. ज्याचा एकच पाय चालतो, त्याला प्रतिस्पर्धी सहज अडवतो. वाईट सवय मोठेपणी मोडण्यापेक्षा लहानपणीच चांगली सवय लावावी, हे प्रत्येक अनुभवी शिक्षकाला पटणारे तत्त्व रहीम साहेबांनी फुटबॉलला लावले. काही वर्षांतच हैद्राबादच्या मुलांचा खेळ ओळखू येऊ लागला. छोटे आणि जलद पास, दोन्ही पायांचा वापर आणि सतत जागा बदलणारे खेळाडू अशी त्यांची ख्याती झाली.

१९५० मध्ये ते हैद्राबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले आणि अखेरपर्यंत त्या संघाशी जोडलेले राहिले. या संघाने मुंबईतील कूपरेज मैदानावर होणारी प्रतिष्ठेची रोव्हर्स चषक स्पर्धा १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे जिंकली. दिल्लीतील ड्युरँड चषकही त्यांनी १९५० आणि १९५४ साली पटकाविला. त्या काळी भारतीय फुटबॉल म्हणजे कलकत्ता अशी सर्वांची धारणा होती. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या बलाढ्य संघांपुढे दख्खनमधील एका पोलीस संघाने उभे राहावे आणि वर्षानुवर्षे जिंकावे, ही गोष्ट साऱ्या देशाला चकित करणारी होती. १९५६-५७ आणि १९५७-५८ या लागोपाठच्या दोन मोसमांत हैद्राबादने राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष करंडकही जिंकला.

दिल्लीचा आनंद आणि हेलसिंकीचा धडा

मार्च १९५१ मध्ये नवी दिल्ली येथे पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या. स्वातंत्र्य मिळून जेमतेम साडेतीन वर्षे झाली होती. भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते रहीम साहेब आणि कर्णधार होते शैलेन मन्ना. इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान यांना प्रत्येकी ३-० असे हरवून भारत अंतिम फेरीत पोहोचला. इराणविरुद्धच्या अंतिम सामन्यात साहू मेवालाल यांनी केलेल्या एकमेव गोलाने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

या यशाची धुंदी फार काळ टिकली नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताची गाठ युगोस्लाव्हियाशी पडली. फिनलंडमधील थंड हवा, ओलसर हिरवळ आणि आपले अनेक खेळाडू अनवाणी! भारताचा १०-१ असा दारुण पराभव झाला. एखाद्या प्रशिक्षकाचे मन या पराभवाने खचले असते. त्याने नशिबाला, हवामानाला किंवा निवड समितीला दोष दिला असता. रहीम साहेबांनी या पराभवाकडे नापास झालेल्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेकडे पाहावे तसे पाहिले. चूक नेमकी कोठे झाली हे शोधायचे आणि ती दुरुस्त करायची. या पराभवानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने खेळाडूंना बूट सक्तीचे केले. अनवाणी खेळण्याचा भावनिक अभिमान बाजूला पडला आणि भारतीय फुटबॉलने आधुनिक जगात पाऊल ठेवले.

डावपेचांच्या बाबतीतही त्यांचा अभ्यास सतत चालू असे. १९५३ मध्ये हंगेरीच्या संघाने लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडला ६-३ असे हरविले. त्या सामन्यात हंगेरीने आपला मधला आघाडीवीर मुद्दाम मागे ठेवला होता आणि त्याला कोणी अडवायचे हेच इंग्लंडच्या बचावपटूंना कळेना. परदेशात घडणाऱ्या अशा बदलांची रहीम साहेब बारकाईने माहिती घेत आणि आपल्या खेळाडूंच्या कुवतीप्रमाणे ते वापरून पाहत. दोन बचावपटू, तीन मधले खेळाडू आणि पाच आघाडीवीर ही जुनी रचना त्यांनी टप्प्याटप्प्याने बदलली. १९५८ साली ब्राझीलने ४-२-४ अशा रचनेने विश्वचषक जिंकून जगाला थक्क केले, तेव्हा त्याच दिशेचा विचार हैद्राबादच्या या शिक्षकाच्या मनातही घोळत होता.

मेलबर्न : नेव्हिल डिसोझांचे ते तीन गोल

१९५६ साली मेलबर्न येथे ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला थेट उपान्त्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाशी खेळावे लागले. १ डिसेंबर १९५६ रोजी झालेल्या या सामन्यात गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईच्या मैदानांवर नाव कमावलेल्या नेव्हिल डिसोझा यांनी ३ गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात ३ गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. भारताने सामना ४-२ असा जिंकला आणि ऑलिंपिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत धडक मारणारा भारत हा आशियातील पहिला देश बनला.

उपान्त्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर उभा होता. चार वर्षांपूर्वी १० गोलांनी चिरडणाऱ्या याच संघाविरुद्ध पूर्वार्धात भारताने एकही गोल होऊ दिला नाही आणि उत्तरार्धात पहिला गोल केला तो नेव्हिल डिसोझा यांनीच. पुढे युगोस्लाव्हियाने ४-१ असा विजय मिळविला. तिसऱ्या क्रमांकासाठीच्या सामन्यात बल्गेरियाकडून भारत ३-० असा हरला. पदक हुकले, चौथा क्रमांक मिळाला. स्पर्धेत सर्वाधिक म्हणजे ४ गोल करणाऱ्या तिघांमध्ये नेव्हिल डिसोझा यांचे नाव होते. ऑलिंपिकमधील भारतीय फुटबॉलची ती सर्वोच्च कामगिरी आजतागायत कायम आहे.

रोम आणि घरातली परीक्षा

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताच्या वाट्याला अतिशय कठीण गट आला. हंगेरीविरुद्ध भारत केवळ २-१ असा हरला आणि त्याच हंगेरीने पुढे कांस्यपदक जिंकले. फ्रान्सविरुद्ध कर्णधार प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी गोल करून आघाडी मिळवून दिली, परंतु शेवटच्या टप्प्यात फ्रान्सने बरोबरी साधली. पेरूकडून ३-१ असा पराभव झाला आणि भारताचे आव्हान संपले. हंगेरी आणि पेरूविरुद्धचे भारताचे दोन्ही गोल तुळशीदास बलराम यांनी केले होते.

बलराम यांची हकिगत सांगण्यासारखी आहे. सिकंदराबादजवळील अम्मुगुडा येथील एका गरीब तमिळ कुटुंबातील हा मुलगा रहीम साहेबांच्या नजरेस पडला. सरावासाठी रोज शहरात यावे तर प्रवासाला पैसे नाहीत, अशी त्याची परिस्थिती. रहीम साहेबांनी त्याला भाड्याच्या सायकलसाठी पैसे दिले आणि सरावाला येण्यास सांगितले. त्या सायकलवरून येणारा मुलगा पुढे दोन ऑलिंपिक खेळला आणि भारताच्या सर्वश्रेष्ठ आघाडीवीरांपैकी एक गणला गेला. शिक्षकाने वेळेवर दिलेल्या थोड्याशा मदतीने एका आयुष्याची दिशा कशी बदलते, याचे हे उदाहरण आहे.

रोमच्या त्या संघात रहीम साहेबांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम हेदेखील होते. वडील प्रशिक्षक आणि मुलगा खेळाडू! आपल्याकडे अशा वेळी काय घडते हे सांगण्याची गरज नाही. परंतु रोममध्ये झालेल्या तीनही सामन्यांत हकीम यांना मैदानावर उतरण्याची संधी मिळाली नाही. त्या जागेसाठी अधिक योग्य वाटलेल्या खेळाडूंना रहीम साहेबांनी खेळविले. बापाच्या हृदयाला यातना झाल्या असतीलच, पण संघातील इतर खेळाडूंचा त्यांच्या न्यायबुद्धीवरील विश्वास त्यामुळे अधिकच दृढ झाला असेल. हकीम यांनीही कटुता न बाळगता आयुष्यभर या खेळाची सेवा केली. हवाई दलात अधिकारी, आंतरराष्ट्रीय पंच आणि प्रशिक्षक अशा अनेक नात्यांनी ते फुटबॉलशी जोडलेले राहिले. २०२१ साली त्यांचे निधन झाले.

जकार्ता : आजारी प्रशिक्षकाची अखेरची शिकवणी

१९६२ साली इंडोनेशियातील जकार्ता येथे चौथ्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. या वेळेपर्यंत रहीम साहेबांच्या शरीरात कर्करोगाने घर केले होते. प्रकृती ढासळत होती, तरीही ते संघाबरोबर गेले. संघाचे कर्णधार होते चुनी गोस्वामी.

सुरुवातच खराब झाली. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. त्यानंतर थायलंडविरुद्ध भारताने ४-१ असा विजय मिळविला खरा, पण त्या सामन्यात बचावफळीचे आधारस्तंभ जर्नेल सिंग यांच्या डोक्याला खोल जखम झाली आणि टाके घालावे लागले. गोलरक्षक पीटर थंगराज तापाने आजारी पडले आणि त्यांच्या जागी प्रद्युत बर्मन यांना उभे करावे लागले. जपानला २-० असे हरवून भारताने उपान्त्य फेरी गाठली. तेथे समोर होता दक्षिण व्हिएतनामचा संघ.

येथे रहीम साहेबांनी एक धाडसी निर्णय घेतला. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंग यांना बचावफळीत ठेवणे धोक्याचे होते आणि त्यांच्यासारखा ताकदवान खेळाडू बाहेर बसविणेही परवडणारे नव्हते. रहीम साहेबांनी या बचावपटूला थेट आघाडीवर खेळविले. जर्नेल सिंग यांनी गोल केला, चुनी गोस्वामी यांनी दोन गोल केले आणि भारत ३-२ असा जिंकला.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी होता आणि प्रतिस्पर्धी होता पहिल्याच सामन्यात हरविणारा दक्षिण कोरिया. जकार्तातील वातावरण भारताच्या विरोधात तापलेले होते. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना स्पर्धेत प्रवेश नाकारला होता आणि त्याविरुद्ध भारतीय क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी उघड आवाज उठविला होता. त्यामुळे प्रचंड संख्येने जमलेले प्रेक्षक भारतीय खेळाडूंच्या पायाशी चेंडू येताच त्यांची हुर्यो उडवीत होते. सामन्याच्या आदल्या रात्री रहीम साहेबांनी आपल्या खेळाडूंना जवळ बोलावून त्यांच्याकडे एक भेट मागितली. ती भेट होती सुवर्णपदकाची.

अंतिम सामन्यासाठी थंगराज गोलमध्ये परतले. गोव्याचे सुपुत्र फॉर्च्युनाटो फ्रँको मधल्या फळीत होते. टाके पडलेले जर्नेल सिंग पुन्हा आघाडीवर होते. सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी आणि विसाव्या मिनिटाला जर्नेल सिंग यांनी गोल केले. अवघ्या तीन मिनिटांत सारे मैदान स्तब्ध झाले. कोरियाने शेवटच्या काही मिनिटांत एक गोल फेडला, पण भारताने २-१ असा विजय मिळवून सुवर्णपदक जिंकले. आजारी गुरूने मागितलेली भेट शिष्यांनी त्यांच्या हाती ठेवली.

या संघाकडे पाहिले म्हणजे मन भरून येते. त्यात शीख होते, हिंदू होते, मुसलमान होते आणि ख्रिस्ती होते. कोणी बंगालचे, कोणी पंजाबचे, कोणी दख्खनचे, कोणी केरळचे, तर कोणी गोव्याचे. गोवा तर जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९६१ मध्ये, पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला होता. भाषा वेगळ्या, आहार वेगळा, प्रार्थनेची पद्धत वेगळी. या सर्वांना एकत्र बांधण्याचे काम एका शिक्षकाने आपल्या अधिकाराच्या जोरावर नव्हे, तर प्रेमाने आणि निःपक्षपाती वागण्याने केले.

अखेर आणि वारसा

जकार्तानंतर वर्षही उलटले नाही तोच, ११ जून १९६३ रोजी, रहीम साहेबांनी या जगाचा निरोप घेतला. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५३ वर्षांचे होते. त्यांच्या पश्चात भारतीय संघ १९६४ च्या आशिया चषकात उपविजेता ठरला आणि १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळाले. त्यानंतर मात्र उतरती कळा लागली. १९६० नंतर भारताचा पुरुष फुटबॉल संघ ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेला नाही आणि १९६२ नंतर आशियाई सुवर्णपदकही मिळालेले नाही.

हे असे का झाले, याची कारणे अनेक आहेत. इतर देशांनी पैसा ओतला, सोयी वाढविल्या, आणि आपल्याकडे क्रिकेटची लाट आली. पण आणखी एक कारण विसरून चालणार नाही. रहीम साहेबांनी उभारलेली इमारत शाळकरी मुलांच्या पायावर उभी होती. लहान वयात चांगल्या सवयी लावणारी ती व्यवस्था चालविणारा माणूस गेला आणि त्याचे काम तितक्याच तळमळीने पुढे नेणारी संस्था उभी राहिली नाही. वरचे मजले काही काळ टिकले, पण पायाकडे दुर्लक्ष झाले की पुढे काय होते हे सांगायला नको.

त्यांच्या हयातीत त्यांच्या कार्याला मिळायला हवी होती तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला. तोपर्यंत त्यांना जाऊन दोन दशके उलटून गेली होती. २०२४ साली त्यांच्या जीवनावर आधारित मैदान हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि नव्या पिढीला त्यांचे नाव ऐकायला मिळाले. चित्रपटात रंजनासाठी काही भर घातली जाते, हे ध्यानात ठेवले तरी या निमित्ताने एका विस्मृतीत गेलेल्या शिक्षकाचे स्मरण झाले, ही समाधानाची बाब आहे.

आज पिशोर, कन्नड, वैजापूर, गंगापूर या भागातील शाळांच्या पटांगणांवर संध्याकाळी मुले खेळताना दिसतात. बहुतेकांच्या हाती बॅट असते, काही ठिकाणी कबड्डी आणि खो-खो रंगतो. साधने तोकडी असतात आणि क्रीडाशिक्षकांच्या वाट्याला खेळाबरोबर शाळेची इतर पन्नास कामे येतात. अशा शिक्षकांना रहीम साहेबांचे जीवन धीर देणारे ठरावे. त्यांच्याकडेही आधुनिक क्रीडासंकुल नव्हते. होते ते एक मैदान, काही अनवाणी मुले आणि त्या मुलांमध्ये उद्याचा खेळाडू पाहणारी दृष्टी.

पालकांसाठीही या चरित्रात एक विचार आहे. आपले मूल चमकावे असे प्रत्येकाला वाटते. परंतु ज्या मुलाला चेंडू सोडता येतो, सहकाऱ्याच्या यशात आनंद मानता येतो आणि आपल्या कमकुवत बाजूवर मेहनत घ्यावीशी वाटते, तेच मूल पुढे खऱ्या अर्थाने उभे राहते. रहीम साहेबांनी हैद्राबादच्या मुलांना हेच शिकविले आणि शेवटी आजारपणात जकार्ताला जाऊन स्वतःच्या आचरणाने त्याचा अर्थही समजावून दिला. एकेकाळी आपल्याच राज्याचे नागरिक असलेल्या या थोर गुरूच्या स्मृतीस आदरपूर्वक अभिवादन!